माल जातो की गिऱ्हाईक येतं? गावाकडच्या छोट्या धंद्याची ऑनलाइन जाहिरात

ऑनलाइन मार्केटिंग करायचं म्हटलं की विदर्भात तालुक्याच्या गावी पहिला सल्ला मिळतो, "इन्स्टावर पेज काढून टाक ना बावा." पेज निघतं. घरातला कॉलेजात जाणारा पुतण्या दोन-चार रील टाकतो, चारशे फॉलोअर होतात, त्यातले निम्मे कुठले ते कोणालाच ठाऊक नसतं. पुढे पुतण्याची परीक्षा येते आणि पेज बंद पडल्यात जमा होतं. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आपल्याकडे ऑनलाइन चालत नाही जी."

चालतं. फक्त पेज काढण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता, तो राहून गेला. तुमच्या धंद्यात माल गिऱ्हाईकाकडे जातो, की गिऱ्हाईक तुमच्याकडे येतं?

पुसदचं वेल्डिंगचं दुकान, हिंगणघाटचा टेलर, ब्रह्मपुरीकडची धान गिरणी, चिखलदऱ्याच्या वाटेवरची खानावळ, मंडप-डेकोरेशन, ब्युटी पार्लर, ट्रॅक्टर दुरुस्ती हे सगळे गिऱ्हाईक येणारे धंदे. यांचं जग वीस-पंचवीस किलोमीटरचं. गेटच्या डिझाइनची रील साताऱ्यात लाखभर लोकांनी पाहिली तरी पुसदच्या वेल्डरला त्यातून एक रुपया मिळत नाही. उलट हळद, मध, मसाला, तूरडाळ, जवसाची चटणी हा माल जाणारा धंदा. त्याचं गिऱ्हाईक पुण्यात असू शकतं, नागपुरात असू शकतं, बहुतेक वेळा ते मूळचं इकडचंच, नोकरीला तिकडे गेलेलं असतं. दोघांची साधनं वेगळी, खर्च वेगळा, यश मोजायची रीतही वेगळी. काही धंदे मात्र दोन्हीकडे पाय ठेवून असतात. शेगावला दर्शनाला आलेला माणूस दुकानात येतो तेव्हा येणारं गिऱ्हाईक असतो, आणि घरी परतल्यावर त्याला माल पाठवता येतो. अशा दुकानदाराने गल्ल्यावरच त्याचा नंबर घेऊन ठेवला नाही तर अर्धं गिऱ्हाईक एसटीत बसून निघून गेलं म्हणायचं.

कुरडई का परवडत नाही

माल जाणारा धंदा म्हणजे माल खरोखर जाण्यासारखा हवा. इथे बचत गटांची फार फसगत होते, म्हणून जरा खोलात जाऊ.

कुरिअरवाले वजन दोन प्रकारे मोजतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याच्या आकाराचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि त्याला बरेच कुरिअरवाले ५००० ने भागतात. येईल तो आकडा किलोमध्ये. दोन्ही वजनांपैकी जे जास्त, त्याचे पैसे. आता दोन किलो कुरडया घ्या. त्या मोडू नयेत म्हणून मोठं खोकं लागतं, समजा ४० बाय ३० बाय ३०. गुणाकार ३६,०००, भागिले ५०००, म्हणजे ७.२ किलो. माल दोन किलोचा, भाडं सव्वासात किलोचं. वर पोचेपर्यंत निम्म्या कुरडयांचा चुरा. त्याच दोन किलोंची हळद २० बाय १५ बाय १२ च्या खोक्यात मावते, आकाराचं वजन पाऊण किलोसुद्धा भरत नाही, भाडं खऱ्या दोन किलोचंच लागतं आणि हळदीचं मोडायचं काही नाही.

म्हणून एकाच गटाची हळद पुण्याला पाठवावी आणि कुरडया-शेवया मात्र तालुक्यात, आठवडी बाजारात, नाहीतर नागपुरात लग्नाला जाणाऱ्या पाहुण्याच्या गाडीतून पाठवाव्यात, हेच शहाणपणाचं. जवसाची चटणी वजनाला सोपी, पण जवसात तेल भरपूर. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा कुरिअरच्या गोदामात आठवडा पडून राहिलेली चटणी खवट होणारच. उन्हाळ्यात ऑर्डर घेऊन मग कुटायची, आधी कुटून ठेवायची नाही. जाहिरात कितीही देखणी असली तरी पाकीट उघडल्यावर वास आला की पुढची ऑर्डर संपली.

कागदपत्रांचंही इथेच सांगून टाकतो. खाण्याचा पदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. शिवाय बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, तक्रारीसाठी फोन. जीएसटीत एक आडवळण आहे. ई-कॉमर्सच्या साइटवरून आपल्याच राज्यात माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीतून सूट मिळाली, उलाढाल मर्यादेत असेल तर. पण करपात्र माल परराज्यात विकायचा तर थोडे अपवाद सोडून नोंदणी लागते, उलाढाल कितीही कमी असली तरी. वणीहून आदिलाबाद किंवा गोंदियाहून बालाघाट अंतराने जवळ असलं तरी कायद्याने परराज्य आहे. हे सीएला एकदा विचारून घ्या, अंदाजाने चालू नका.

आणि नावाची गोष्ट. वायगावच्या हळदीला, भिवापूरच्या मिरचीला, नागपूरच्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे. नाव मोठं, म्हणून कोणत्याही हळदीच्या पाकिटावर 'वायगाव' छापून चालत नाही. त्यासाठी माल त्या भागातला हवा आणि तुमचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेलं हवं. समुद्रपूर तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याकडे ही नोंदणी आहे, त्याने मात्र ती पाकिटावर कोपऱ्यात लपवू नये. जाहिरातीचं निम्मं काम तीच करते.

गिऱ्हाईक येणार असेल तर आधी नकाशावर या

वेल्डर, टेलर, गिरणीवाला, खानावळवाला यांनी इन्स्टाच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, काढावी. फुकट आहे. माणसाची गाडी फाट्यावर बंद पडते तेव्हा तो रील बघत बसत नाही, मोबाइलला तोंड लावून "जवळचं पंक्चरचं दुकान" असं बोलतो. त्या क्षणी तुम्ही नकाशावर असाल तर आहात.

कोणाचं नाव वर दाखवायचं हे गूगल तीन गोष्टी बघून ठरवतं, आणि त्या त्यांनी स्वतःच जाहीर केल्या आहेत. शोधलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि त्याचा नावलौकिक किती. अंतर तुमच्या हातात नाही. जुळणं मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. दुकानाचा प्रकार नेमका निवडायचा, आणि माहितीत तुम्ही काय काय करता ते लोकांच्या तोंडच्या भाषेत लिहायचं. 'सर्व प्रकारची कामे केली जातील' असं लिहिलं तर गूगलला काही समजत नाही. 'लोखंडी गेट, शटर दुरुस्ती, पेरणी यंत्राचे फण, ट्रॉलीचं वेल्डिंग' असं लिहिलं तर समजतं. मराठीत लिहा आणि रोमन लिपीतही लिहा, कारण आपली पोरं मराठीच बोलतात पण टाइप रोमनमध्ये करतात.

नकाशावरची खूण स्वतः जाऊन बघा. गावाकडे ती हमखास चुकते. दुकान बायपासवर आणि खूण जुन्या बसस्टँडवर, किंवा कालव्याच्या पलीकडे. पडताळणीसाठी हल्ली अनेकदा व्हिडिओ मागतात. रस्ता, दुकानाची पाटी, आणि कुलूप उघडून आत जाताना तुम्ही, असं सलग चित्रण करायचं. मालक तुम्हीच आहात एवढंच त्यांना बघायचं असतं. बाजाराच्या दिवशी दुकान बंद असेल तर वेळापत्रकात तसं टाका. तीस किलोमीटरवरून आलेला माणूस बंद शटर बघून परतला की पुन्हा येत नाही, आणि जाताना एक तारा देऊन जातो तो वेगळा.

नावलौकिक म्हणजे मुख्यतः लोकांचे अभिप्राय. काम झाल्यावर, गिऱ्हाईक खूश असताना, तिथल्या तिथे मागायचे. त्या बदल्यात सवलत देणं किंवा काही फुकट देणं गूगलच्या नियमात बसत नाही. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका. "तुमचं गेट उशिरा झालं हे खरं, लाइट नव्हती, पुढच्या वेळी आधी फोन करू" एवढं लिहिलं की वाचणाऱ्या दहा जणांना तुम्ही कसे आहात ते समजतं.

व्हॉट्सअ‍ॅप: खरी पुंजी

आता दोन्ही प्रकारच्या धंद्यांना लागू पडणारी गोष्ट. माझ्या मते गावाकडच्या धंद्यात व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर निम्म्याहून जास्त काम करतो, आणि त्यावरच सगळ्यात कमी डोकं लावलं जातं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप २०१८ साली आलं, तेही फुकट. त्यात मालाचं कॅटलॉग लावता येतं, दुकान बंद असताना आपोआप उत्तर जातं, आणि गिऱ्हाइकांना रंगीत लेबलं लावता येतात. 'पैसे बाकी', 'पार्सल गेलं', 'दिवाळीला फोन करणे' अशी. लेबलं वापरणारा दुकानदार क्वचित दिसतो. वापरून बघा, वही कमी शोधावी लागेल.

खरी मेख ब्रॉडकास्ट यादीत आहे, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत. एका यादीत २५६ जण घालता येतात, पण ज्याने तुमचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. स्टेटसचंही तसंच, दोघांकडे एकमेकांचे नंबर हवेत. म्हणजे तुमच्याकडे हजार नंबर असले आणि त्यातल्या ऐंशी जणांनीच तुम्हाला सेव्ह केलं असेल, तर तुमची यादी ऐंशीचीच. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका, बिलावर शिक्का मारा, तोंडी सांगा, "ताई, माझा नंबर 'हळदवाल्या' म्हणून सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की कळवीन." एकदा सेव्ह झालं की कोणत्याही कंपनीला पैसे न देता तुम्ही त्या घरात पोचता.

मग त्या नंबरवरून रोज गुलाबाच्या फुलांचं सुप्रभात पाठवायचं नाही. लोक आवाज बंद करतात, कंटाळले की ब्लॉक करतात, आणि बऱ्याच जणांनी ब्लॉक किंवा तक्रार केली की व्हॉट्सअ‍ॅप नंबरच बंद करू शकतं. पाठवायचं तेव्हा असं:

"नवी हळद दळून झाली. अर्धा किलो १६०, एक किलो ३००. वर्ध्यात घरपोच, बाकी महाराष्ट्रात कुरिअर वेगळं. सोमवारी सकाळी पार्सलं निघतील. किती किलो आणि पिनकोड, एवढं लिहून पाठवा."

भाव उदाहरणादाखल टाकलेत, रचना बघा. काय आहे, कितीला आहे, कधी मिळेल, आणि गिऱ्हाईकाने पुढे काय करायचं. 'भावासाठी इनबॉक्स करा' हे लिहिणं सोडून द्या. भाव लपवला की माणूस महाग समजतो.

रील कोणाला दिसते

रीलचं तंत्र लोकांना गूढ वाटतं. तेवढं ते नाही. तुम्ही टाकलेला व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवला जातो. ते थांबून बघतात का, लाइक करतात का, दुसऱ्याला पाठवतात का, हे मोजलं जातं. बरं निघालं तर आणखी लोकांना. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीही ह्याच तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन असल्याचं सांगितलं आहे. फॉलोअर किती आहेत याला त्या मानाने कमी किंमत.

थांबून बघण्यासारखं आपल्याकडे पुष्कळ आहे, ते आपल्याला रोजचं म्हणून दिसत नाही. हळद उकळते तेव्हाची वाफ, सुकलेली गाठ तडकन मोडून दाखवलेला आतला केशरी रंग, पाट्यावर वाटलेला सावजी मसाला, मातीच्या भिंतीला टेकून ठेवलेले पळसाच्या पानांचे द्रोण. पहिल्या दोन सेकंदांत हे दिसायला हवं. दुकानाचा लोगो, गाणं आणि मालकाचा फोटो यात पहिले पाच सेकंद गेले की बोट पुढे सरकतं. आवाज तुमचाच ठेवा, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीच. पुण्या-मुंबईतल्या आपल्या माणसाला तोच थांबवतो.

वेळ साधणं मात्र रीलपेक्षा महत्त्वाचं. तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी करणाऱ्या सुताराचं उदाहरण घ्या. त्याचं गिऱ्हाईक नागपूर, वर्धा, भंडारा भागात, आणि त्यांना नंदी हवा असतो तो पोळ्याच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत. नंदी घडतानाचे व्हिडिओ त्याने आषाढातच काढून ठेवायचे आणि श्रावण लागला की टाकायला सुरुवात करायची. पोळ्याच्या दिवशी टाकलेल्या रीलला लाइक भरपूर मिळतात, ऑर्डर एकही नाही. संत्र्याचंही तसंच. आंबिया बहाराचं फळ हिवाळ्याच्या तोंडाशी येतं, मृग बहाराचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. वरूड-मोर्शीचा बागाईतदार थेट पेट्या विकणार असेल तर फळाला रंग चढायच्या आधीच त्याची यादी तयार हवी.

पैसे देऊन जाहिरात

फेसबुक-इन्स्टावरची जाहिरात हा लिलाव आहे, बाजार समितीत कापसाच्या गाडीवर बोली लागते तसा. तुमच्या गिऱ्हाईकाच्या मोबाइलवर एक मोकळी जागा आहे, ती मिळवायला अनेक धंदेवाले एकाच वेळी बोली लावतात. फरक इतकाच की इथे नुसता भाव चालत नाही. ही जाहिरात बघून माणूस काही करील याची शक्यता किती, आणि जाहिरात किती चांगली आहे, हेही धरलं जातं. म्हणून छोट्या माणसाची नेमकी जाहिरात मोठ्या कंपनीच्या ढोबळ जाहिरातीला मागे टाकू शकते. दिवाळीच्या आधी सगळेच बोली लावतात, तेव्हा भाव चढतो.

सुरू करताना हेतू विचारतात. तिथे बहुतेकांचा पैसा जातो. लाइक हवेत असं सांगितलं तर यंत्रणा लाइक करत सुटणारी माणसं शोधून देते, मग ती खरेदी करोत न करोत. मेसेज हवेत असं सांगितलं तर मेसेज करणारी. छोट्या धंद्याने मेसेजचाच हेतू घ्यावा. वेल्डरने नकाशावर दुकानाची खूण करून आसपासचे वीस किलोमीटर निवडावेत, अख्खा महाराष्ट्र नको. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खिशातून हजार गेले तर जाहिरात साधारण ८४७ रुपयांची होते.

आता हिशेब. समजा हळदवाल्या ताईंनी हजार रुपये घातले, पंचवीस मेसेज आले, पाच जणांनी किलो-किलो हळद घेतली, आणि कच्चा माल, पॅकिंग सगळं जाऊन किलोमागे १२० सुटले. मिळाले ६००. वरवर ४०० चा तोटा. पण त्या पाचांपैकी तिघांनी वर्षभरात आणखी दोन-दोनदा मागवली तर ७२० आणखी. एकूण १३२० झाले, ३२० नफ्यात. पहिल्या खेपेला तोटा आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कमाई, असं हे गणित बहुतेक वेळा असतं. म्हणूनच नंबर सेव्ह करून घ्यायचा एवढा आग्रह धरला. ज्याचं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, त्याने जाहिरातीवर पैसे घालण्याआधी मालाकडे बघावं. आणि हे समजायला एक कॉलम पुरतो: प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला विचारायचं, "आमचं नाव कुठून कळलं जी?" आणि लिहून ठेवायचं.

फसवणूक आणि पासवर्ड

नंबर चारचौघांत गेला की ठगही येतात. मोठी ऑर्डर, स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवणारा माणूस, 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका' हा प्रकार जुना आहे, तरी लोक फसतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. बँकेचा मेसेज किंवा आपल्या अ‍ॅपमधली शिल्लक बघितल्याशिवाय पार्सल हलवू नका. फसलात तर लगेच १९३० वर फोन करा, जितका लवकर तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

'तुमचं पेज नियमभंगामुळे बंद होणार, खालच्या लिंकवर खात्री करा' असा मेसेज आला तर लिंक दाबू नका. पेज चोरायची ती रीत आहे. इन्स्टा, फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्हीकडे दुहेरी पडताळणी, म्हणजे नेहमीच्या लॉगिनवर आणखी एक कोड किंवा पिन, चालू करा.

शेवटी पुतण्याचं. पेज त्याच्या फेसबुक खात्यावरून, गूगल प्रोफाइल त्याच्या ईमेलवर, आणि तो उद्या नोकरीला पुण्याला जाणार. तो जायच्या आधी त्याच्याकडून पेजचा पूर्ण ताबा स्वतःच्या खात्याला घ्या आणि गूगल प्रोफाइलवर मालक म्हणून तुमचा ईमेल टाकून घ्या. त्यालाही ठेवा, पण मदतनीस म्हणून. धंद्याचं सिम तुमच्या नावावर हवं आणि त्याचा रिचार्ज चुकवू नका. बरेच दिवस बंद राहिलेला नंबर कंपनी काढून घेते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. मग तुमच्या ऐंशी गिऱ्हाईकांच्या मोबाइलमध्ये 'हळदवाल्या' म्हणून भलताच माणूस बोलू लागतो.